बालप्रेक्षक आणि विज्ञानयुद्धपट : ‘नाउशिका’च्या निमित्ताने योग्यायोग्यतेचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादी कलाकृती मुलांना दाखवावी की दाखवू नये, हा प्रश्न वरवर पाहता पालकांचा, शिक्षकांचा, फार तर परीक्षण मंडळाचा वाटतो. साहित्यविचाराशी त्याचा संबंध दुरून आल्यासारखा भासतो. वस्तुतः ‘योग्य’ या एका शब्दात आस्वाद, नीती आणि बालमानस या तिन्ही क्षेत्रांतील गृहीतकृत्ये दडलेली असतात, आणि ती तपासण्याचे काम समीक्षेचेच आहे. भारतीय भाषांतील बालवाङ्मयाच्या अभ्यासकाला तर हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. महाभारत मुलांना सांगावे काय, आणि सांगावे तर त्यातील काय गाळावे, याचा निर्णय आपल्याकडे प्रत्येक पिढीतील सांगणाऱ्याने घेतलेला आहे.

ॲनिमेशनपटाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. चित्रे हलू लागली की ती मुलांसाठीच असणार, असा समज आपल्याकडे रूढ आहे. कथेत युद्ध असले तरी ते विज्ञानकल्पितातील आहे, यंत्रांचे आहे, परग्रहावरचे आहे, म्हणून निरुपद्रवी आहे, असा दुसरा समज त्याला जोडून येतो. या दोन्ही समजांची परीक्षा एका चित्रपटाच्या आधारे करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो चित्रपट म्हणजे मियाझाकी हायाओ यांचा, ११ मार्च १९८४ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेला ‘काझे नो तानि नो नाउशिका’, म्हणजे ‘वाऱ्याच्या दरीतील नाउशिका’.

२. प्रमाणपत्र काय सांगते आणि काय सांगत नाही

भारतात १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमान्वये चित्रपटांचे वर्गीकरण होते. प्रारंभी सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’ अशा दोनच मुख्य श्रेणी होत्या. १९८३ पासून त्यांच्यामध्ये ‘यूए’ ही श्रेणी आली, आणि २०२३ च्या दुरुस्तीने तिचे सात, तेरा व सोळा या वयांनुसार तीन भाग झाले. या विकासक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते : ‘मूल’ ही एकच एक अवस्था नव्हे, हे कायद्यालाही टप्प्याटप्प्याने मान्य करावे लागले.

तथापि प्रमाणपत्र हे उंबरठ्याचे काम करते, मूल्यमापनाचे नव्हे. रक्त, शस्त्र, अपशब्द, नग्नता यांची उपस्थिती आणि तीव्रता तपासण्याकडे कोणत्याही देशातील परीक्षणाचा कल असतो. अमेरिकेत ‘नाउशिका’ला हिंसाचाराचा निर्देश करून पालकांच्या मार्गदर्शनाची श्रेणी मिळाली. हा निर्देश खोटा नाही. पण चित्रपटात हिंसा आहे एवढेच त्यातून कळते. ती कोण करतो, का करतो, केल्यानंतर त्याचे काय होते आणि प्रेक्षकाने कोणाच्या बाजूने उभे राहावे अशी रचना आहे, हे कळत नाही. बालप्रेक्षकाच्या दृष्टीने खरे महत्त्व या दुसऱ्या भागालाच आहे.

३. सौम्य पण घातक : एक पूर्वपीठिका

हा भेद स्पष्ट होण्यासाठी जपानच्याच ॲनिमेशनच्या इतिहासातील एक उदाहरण उपयोगी पडते. सेओ मित्सुयो यांचा ‘मोमोतारो : उमि नो शिम्पेइ’ हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध अखेरच्या टप्प्यात असताना, नौदल खात्याच्या आश्रयाने निघाला. पीचफळातून जन्मलेल्या मोमोतारोची लोककथा जपानी मुलांच्या परिचयाची. चित्रपटात त्याचे सैनिक म्हणजे गोजिरवाणी माकडे, अस्वले, कुत्री आणि पक्षी. बेटावरच्या प्राण्यांना ते गाण्यातून जपानी मुळाक्षरे शिकवितात. पुढे हवाई छत्र्यांनी उतरून शत्रूला शरण आणतात. शेवटी गावाकडची पिल्ले छत्रीउड्यांचा खेळ खेळतात, आणि त्यांची उडी पडते ती जमिनीवर रेखाटलेल्या अमेरिकेच्या नकाशावर.

रक्तपाताच्या मोजमापाने हा चित्रपट सौम्यच ठरेल. परंतु त्यात शत्रूला मन नाही, जिंकलेल्याला भाषा नाही, आणि आक्रमण हा मुलांचा खेळ आहे. कलेच्या दृष्टीने तो सामान्य नाही, ही गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. पुढे जपानी चित्रकथेचे अध्वर्यू ठरलेले तेझुका ओसामु यांनी किशोरवयात तो पाहिला आणि ते भारावून गेले. योग्यतेचा निकष केवळ दृश्य हिंसेच्या प्रमाणावर ठरवला, तर अशी कृती निर्धास्तपणे मुलांच्या स्वाधीन करावी लागेल. तो निकष अपुरा आहे, हे या एका उदाहरणावरून सिद्ध होते.

४. ‘नाउशिका’ : कथावस्तू आणि तिची पार्श्वभूमी

मियाझाकी यांनी ‘नाउशिका’ प्रथम चित्रकथेच्या रूपात, ‘ॲनिमेज’ या मासिकातून १९८२ पासून लिहावयास घेतली. मधूनमधून खंड पडत ती १९९४ मध्ये पूर्ण झाली व सात खंडांत ग्रथित झाली. चित्रपटाने तिचा केवळ आरंभीचा भाग घेतला आहे. नायिकेचे नाव होमरच्या ‘ओडिसी’तील राजकन्येचे, तिच्या स्वभावाच्या घडणीत मात्र एका जुन्या जपानी कथेतील, फुलपाखरांपेक्षा सुरवंटांवर माया करणाऱ्या सरदारकन्येचा अंश आहे. मिनामाता येथे पाऱ्याने विषारी झालेला उपसागर हीदेखील या कथेमागील एक प्रेरणा होती. स्वतः मियाझाकी यांचा जन्म १९४१ चा. त्यांच्या कुटुंबाचा कारखाना युद्धकाळात लढाऊ विमानांचे भाग बनवीत असे, आणि हवाई हल्ल्याची आठवण त्यांच्या बालपणात आहे. विमानांचे विलक्षण आकर्षण आणि युद्धाचा तिटकारा हे द्वंद्व त्यांच्या कृतींत वारंवार दिसते, त्याचे मूळ येथे असावे.

कथा अशी : ‘अग्नीचे सात दिवस’ या महायुद्धात प्रचंड मानवाकृती अस्त्रांनी संस्कृती बेचिराख केली, त्याला हजार वर्षे लोटली आहेत. विषारी वायू सोडणाऱ्या बुरशींचे अरण्य पसरत चालले आहे आणि ‘ओमू’ नावाचे महाकाय कीटक त्याचे राखणदार आहेत. समुद्रावरून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे सुरक्षित राहिलेल्या एका लहानशा दरीची नाउशिका ही राजकन्या. तोल्मेकिया आणि पेजिते या दोन राज्यांच्या झगड्यात दरी सापडते. जुने एक अस्त्र पुन्हा जिवंत करून अरण्य जाळावे, असा तोल्मेकियाची सेनानी कुशाना हिचा बेत. तर ओमूंचा लोंढा तोल्मेकियाच्या सैन्यावर, पर्यायाने दरीवर सोडावा, असा पेजितेचा डाव. दरम्यान अरण्याच्या तळाशी कोसळलेल्या नाउशिकाला उमगते की तेथील हवा निर्मळ आहे, पाणी शुद्ध आहे : माणसाने नासवलेली माती हीच विषारी झाडे हळूहळू शुद्ध करीत आहेत. ज्याला सर्वजण शत्रू समजतात, तेच पृथ्वीचे औषध आहे.

५. हिंसेची रचना

चित्रपटात मृत्यू आहेत, आणि ते लपवलेले नाहीत. आरंभीच प्रवासी युपा बुरशीने ग्रासलेल्या एका घरात शिरतो, जमिनीवर पडलेली बाहुली उचलतो, आणि ती त्याच्या हातात भुगा होऊन जाते. एका गावाचा अंत एवढ्यानेच कळतो. पुढे दरीत कोसळलेल्या विमानातून बेड्या घातलेली पेजितेची राजकन्या बाहेर काढली जाते. विमानातील माल जळाला ना, एवढेच ती मरता मरता विचारते. तो जळालेला नसूनही नाउशिका ‘जळाला’ असे सांगून तिला निश्चिंतपणे डोळे मिटू देते. लहान प्रेक्षकापुढे ठेवलेला हा नैतिक पेच साधा नाही.

परंतु योग्यतेच्या चर्चेत सर्वांत निर्णायक प्रसंग वेगळा आहे. तोल्मेकियाचे सैनिक अंथरुणाला खिळलेल्या राजाला ठार करतात. गोळ्यांचा आवाज ऐकू येतो. नाउशिका धावत पोचते तेव्हा वडील मेलेले असतात. ती बेभान होऊन सैनिकांवर तुटून पडते आणि अनेकांना लोळवते. सामान्य युद्धपटात हा क्षण टाळीचा असतो. येथे युपा मध्ये पडतो, तिचे शस्त्र त्याच्या दंडात घुसते, आणि रक्त ठिबकू लागते. ते रक्त शत्रूचे नाही, गुरूचे आहे. ते पाहून ती भानावर येते. नंतर आपल्या गुप्त उद्यानात युपाजवळ ती कबूल करते की, द्वेषाने आपल्याकडून हत्या करविली आणि आता आपल्याला स्वतःचीच भीती वाटते. नायिकेचा पराक्रम हाच येथे तिचा अपराध ठरला आहे. आणि पुढचे सारे कथानक म्हणजे त्या अपराधानंतर दुसरा मार्ग शोधण्याचा प्रयत्न आहे.

दुसरी लक्षणीय गोष्ट म्हणजे शत्रूची योजना. विज्ञानकल्पितात युद्ध ज्ञात नकाशापासून दूर नेले जाते, आणि त्या अंतराचा एक सोयीस्कर उपयोग असतो : शत्रू यंत्र, राक्षस किंवा कीटक केला की त्याला मारण्याचे ओझे मनावर राहत नाही. ‘नाउशिका’ याच सोयीवर घाव घालते. शत्रू कीटकच आहे, पण करुणेचा विषय तोच आहे. पेजितेचे लोक ओमूच्या एका पिलाला सुळ्यांनी भोसकून, उडत्या घड्याखाली टांगून आमिष म्हणून नेतात. आणि हे लोक स्वतः आक्रमणाचे बळी आहेत. दोन्ही पक्षांकडे दुःख आहे, दोन्ही पक्षांकडे क्रौर्य आहे. कुशानाचे शरीरही कीटकांनी छिन्न केलेले आहे. तिच्या द्वेषाला कारण आहे, समर्थन मात्र नाही. पेजितेच्याच स्त्रिया अखेर नाउशिकाला निसटण्यास मदत करतात. कारण आणि समर्थन यांतील हा भेद मुलांच्या कथावाङ्मयात क्वचितच इतक्या स्पष्टपणे रेखाटलेला आढळतो.

६. भारतीय काव्यशास्त्राचा प्रकाश

प्रत्यक्ष हिंसा दाखवावी की सूचित करावी, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगरीचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकाच्या द्वारे कळवाव्यात, असे नाट्यशास्त्र सांगते. हा संकेत केवळ सोवळेपणाचा मानणे चुकीचे ठरेल. मरणाचे दृश्य प्रेक्षकाला व्यक्तिगत शोकात वा जुगुप्सेत ओढते आणि रसाला आवश्यक असलेले साधारणीकरण मोडते, असा त्याचा अर्थ लावता येतो. भासाच्या नावावर असलेले ‘ऊरुभंग’ हा संकेत मोडते. पण तेथे मरणारा दुर्योधन वैराचा त्याग करून मरतो, म्हणून मरणाच्या दर्शनानंतर उरतो तो करुणच. म्हणजे खरा प्रश्न ‘दाखवले की नाही’ एवढाच नसून ‘दाखवल्यानंतर कोणता भाव स्थिर होतो’ हा आहे.

या दृष्टीने पाहता ‘मोमोतारो’त उत्साह हा स्थायी भाव अखेरपर्यंत अबाधित राहतो. ‘नाउशिका’त वीराचा उठाव होतो, तो भयानकात आणि शोकात परिणत होतो, आणि शेवट शमाकडे झुकतो. राजाचा मृत्यू पडद्याआड, पण त्याचा परिणाम पडद्यावर. ही योजना नाट्यशास्त्राच्या संकेताशी नकळत जुळणारी आहे.

७. कापणीचा धडा

मुलांसाठी योग्य करण्याच्या हेतूने कृती कापली म्हणजे काय होते, याचे बोलके उदाहरण याच चित्रपटाने पुरवले आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत तो ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने आला, तेव्हा त्यातील सुमारे २२ मिनिटे कापली गेली होती. नाउशिकाचे नाव बदलून ‘झँड्रा’ झाले. अरण्य आणि माती यांच्या संबंधाचा धागा विरला, ओमू हे निव्वळ हिंस्र शत्रू बनले, आणि जाहिरातीच्या चित्रावर मूळ चित्रपटात नसलेले सशस्त्र पुरुष झळकले. संथ, विचाराची म्हणून कंटाळवाणी वाटलेली दृश्ये गेली, झुंजी राहिल्या. मूळ संहिता न कापता इंग्रजीत येण्यास २००५ साल उजाडावे लागले.

येथे भारतीय वाचकाला महाभारताची आठवण होणे अपरिहार्य आहे. मुलांसाठी संक्षिप्त केलेल्या महाभारतांत पुष्कळदा अठराव्या दिवशी युद्ध संपते आणि लगेच राज्याभिषेक होतो. झोपलेल्यांची कत्तल सांगणारे सौप्तिकपर्व दोन ओळींत आटोपते, आणि रणांगणावर प्रेते ओळखत हिंडणाऱ्या स्त्रियांचे स्त्रीपर्व तर वगळलेच जाते. हेतू चांगला असतो : मुलांना भय वाटू नये. परिणाम उलट होतो. बाण, गदा आणि प्रतिज्ञा उरतात. गांधारीचा शोक जातो. युद्धाची किंमत सांगणारा भाग भयंकर म्हणून गाळला, की उरलेले युद्ध आकर्षक होते. ‘नाउशिका’तून कापलेली मिनिटे आणि बालमहाभारतातून गळालेले स्त्रीपर्व यांचे कार्य एकच होते, आणि ती गेल्याने झालेली हानीही एकाच जातीची आहे.

८. बालमानसाचा पुरावा

तरीही भयाचा प्रश्न उरतोच, आणि तो केवळ सौंदर्यशास्त्राने सुटत नाही. आल्बर्ट बांडुरा यांच्या १९६३ मधील प्रयोगांत असे दिसले की प्रत्यक्ष माणसाच्याच नव्हे, तर चित्रफितीतील आणि कार्टूनसदृश रूपातील आक्रमक वर्तनाचेही मुले अनुकरण करतात. ‘चित्रच तर आहे’ हा बचाव त्यामुळे टिकत नाही. पुढील प्रयोगांत, आक्रमकाला शिक्षा झालेली पाहिल्यास मुले अनुकरण कमी करतात, पण ते वर्तन शिकलेली मात्र असतात, असेही आढळले. हिंसेला कथेत कोणते फळ मिळते याला महत्त्व आहे. मात्र चांगल्या शेवटाने मधले सर्व पुसले जाते असे नव्हे.

जोआन कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयानुसार भयाची कारणे कशी बदलतात याचा अभ्यास केला. अगदी लहान मुलांना भय वाटते ते रूपाचे : विद्रूप चेहरा, अचानक पालटणारे शरीर. मोठ्या मुलांना संभाव्य संकटाचे भय वाटते. अणुयुद्धाचे परिणाम दाखवणारा ‘द डे आफ्टर’ हा चित्रपट १९८३ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, तेव्हा लहान मुलांपेक्षा किशोरांना, आणि त्यांच्यापेक्षाही पालकांना तो अधिक अस्वस्थ करून गेला. अर्थाचे भय अर्थ कळणाऱ्यालाच वाटते. याचा उलट अर्थही ध्यानी घ्यावा लागतो : मोठ्यांना जे दृश्य निरुपद्रवी वाटते, ते लहानग्याची झोप उडवू शकते.

‘नाउशिका’त अशी दृश्ये आहेत. वितळत्या मांसाचा तो प्रचंड योद्धा, अकाली जागवला गेल्याने चालता चालता ओघळून पडणारा. रागाने लाल झालेल्या असंख्य डोळ्यांचा लोंढा. आणि जखमी पिलाची तडफड. यांतील नैतिक अर्थ पाच वर्षांच्या मुलापर्यंत पोचणार नाही. रूप मात्र निश्चित पोचेल. अशा मुलाच्या वाट्याला चित्रपटाचे भय येईल, त्याचे औषध येणार नाही.

९. आक्षेप

चित्रपटाच्या बाजूने एवढे म्हटल्यावर त्याच्या उणिवेकडेही पाहिले पाहिजे. अखेरीस नाउशिका ओमूंच्या लोंढ्यापुढे उभी राहते, मरते, आणि ओमू आपल्या सोनेरी तंतूंवर तिला उचलून पुन्हा जिवंत करतात. निळी वस्त्रे ल्यालेल्या तारणहाराविषयीचे जुने भाकीत खरे ठरते. येथे दोन अडचणी आहेत. मृत्यू परत फिरवता येतो असे दाखवल्याने आधीच्या सर्व मृत्यूंचे गांभीर्य थोडे उणावते. आणि जे विवेकाने, निरीक्षणाने, धैर्याने मिळवले होते, ते अखेर चमत्काराच्या खाती जमा होते. हा धार्मिक सूर स्वतः मियाझाकी यांनाही समाधानकारक वाटला नव्हता. चित्रकथेच्या पुढील खंडांत त्यांनी नायिकेला अशी सुटका दिली नाही. तेथे तिला घ्यावे लागणारे निर्णय अधिक कठोर आणि संशयास्पद आहेत. म्हणूनच ती चित्रकथा किशोरांची आणि प्रौढांची आहे, लहान मुलांची नव्हे.

दुसरा आक्षेप आकर्षणाचा. हवेत तरंगणारे नाउशिकाचे यान आणि विमानांच्या झुंजी इतक्या देखण्या आहेत की युद्धविरोधी आशयाला युद्धाच्या सौंदर्याचे आव्हान चित्रपटातच निर्माण होते. हा दोष एकट्या या चित्रपटाचा नाही. युद्धकाव्याचा तो सनातन पेच आहे.

१०. निष्कर्ष

या विवेचनातून युद्धविषयक बालपटाच्या मूल्यमापनासाठी चार प्रश्न हाती येतात. मृत्यूला कथेत परिणाम आहे काय? शत्रूला मन दिले आहे काय? नायकाचा क्रोध तपासला जातो की गौरवला जातो? आणि चित्रपट संपल्यावर जो भाव उरतो तो उत्साहाचा आहे की करुणेचा? या चारही कसोट्यांवर ‘नाउशिका’ उतरते. रक्ताचा थेंबही न दाखवणाऱ्या कित्येक कृती उतरणार नाहीत. पाचवा प्रश्न कृतीविषयी नसून प्रेक्षकाविषयी आहे : समोरच्या मुलाला अर्थापर्यंत पोचण्याचे वय आले आहे काय? त्या दृष्टीने सात वर्षांच्या आतील मुलांना हा चित्रपट न दाखवणे इष्ट. सात ते दहा या वयात मोठ्या माणसाने शेजारी बसून दाखवावा. त्यापुढे तो निःशंकपणे मुलांच्या हाती द्यावा, आणि पाहून झाल्यावर त्यांच्याशी बोलावे.

मूल भयापासून वाचवणे आणि मूल अर्थापासून वंचित ठेवणे, यांतील सीमारेषा बारीक आहे. नाउशिकाला पहिल्या भेटीत तेतो नावाचे लहानसे जनावर बोटाला कडकडून चावते. ती हात मागे घेत नाही, ओरडत नाही. भिण्याचे कारण नाही, असे त्याला शांतपणे सांगते. थोड्या वेळाने ते जनावर तीच जखम चाटू लागते. युद्ध समजावून घेणाऱ्या मुलाच्या शेजारी बसलेल्या प्रौढाकडून याहून वेगळे काही अपेक्षित नाही.